आजारांना आणि अवयवांना डॉक्टरांची नावं: रिपोर्टमधली ही माणसं कोण?

प्रश्न असा आला आहे: आईचं मनगट मोडलं, तिच्या कार्डावर ‘कोलीज फ्रॅक्चर’ लिहिलंय. बहिणीच्या सोनोग्राफीत ‘पाउच ऑफ डग्लस’मध्ये थोडं पाणी दिसलं. शेजारच्या काकांना ‘पार्किन्सन्स’ झालाय. ही सगळी माणसांची नावं आहेत का? त्यांनीच हे शोधलं का? आणि आता ही नावं काढून टाकतात म्हणे, ते खरं का?

हो, माणसांचीच नावं आहेत. ज्याचं नाव आहे त्यानेच पहिल्यांदा शोधलं, असं मात्र फार कमी वेळा असतं. आणि काही नावं काढली गेली आहेत, पण सरसकट नाही. मी मेडिसिनचा डॉक्टर. सुरुवातीला शरीररचनाशास्त्र शिकवलं, पुढचा सगळा काळ वॉर्डात गेला. आधी ही नावं मुलांकडून पाठ करून घेतली आणि नंतर तीच पेशंटच्या घरच्यांना उलगडून सांगत बसलो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

अब्राहम कोलीज हे डब्लिनचे सर्जन. मनगटाजवळच्या या मोडीचं वर्णन त्यांनी १८१४ साली छापलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे एक्स-रे येण्याच्या ऐंशी वर्षं आधी, नुसतं चाचपून, त्यांनी सांगितलं की हा सांधा निखळलेला नाही, सांध्याच्या जरा वर रेडियस हाड मोडलंय. तोवर बहुतेक सर्जन मनगट निखळलं असंच समजून खेचाखेची करत. फ्रान्समध्ये ल्योंच्या क्लोद पुतो यांनी हे आधीच लिहून ठेवलं होतं, म्हणून तिकडचे लोक नावात पुतोंना पुढे ठेवतात. आईंसाठी इतिहासापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी: पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट घरातल्या घरात घसरून मोडलं असेल, तर प्लास्टर निघालं म्हणजे विषय संपला असं धरू नका. हाडं ठिसूळ झालीत का ते तपासून घ्या, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. अशा बायकांचं पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं, आणि ते फार महागात पडतं.

आता नाव चिकटतं कसं? सहसा कुणी स्वतःचं नाव आजाराला देत नाही. दुसरा कुणीतरी वजनदार माणूस ते देतो. जेम्स पार्किन्सन हे लंडनच्या हॉक्स्टन भागातले साधे डॉक्टर. १८१७ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात सहा रुग्ण होते आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यावर जाता-येता पाहिलेले. पुस्तिकेकडे फारसं कुणी बघितलं नाही. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे मोठे मेंदूतज्ज्ञ होते. त्यांनी पार्किन्सनच्या ‘थरथरता लकवा’ या नावालाच हरकत घेतली. सगळ्यांचे हात थरथरत नाहीत आणि खरा लकवा तर कुणालाच नसतो, मग वर्णनाचं नाव टाकून द्या आणि त्या माणसाचं नाव द्या, असं ते म्हणाले. शार्को म्हणाले म्हणून ते टिकलं.

ही हरकत आपल्या ‘कंपवात’ या शब्दालाही लागू पडते. हात थरथरत नाही, तर कंपवात कसा असेल, असं मनाशी ठरवून उशिरा आलेले पेशंट मी नेहमी बघतो. पावलं आखूड पडू लागलेली असतात, अक्षर बारीक होत गेलेलं असतं, शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागत असतात, चेहऱ्यावरचे भाव कमी झालेले असतात, आणि घरचे म्हणतात, बाबा हल्ली अबोल झालेत. वर्णन करणारं नाव नेहमी चांगलं आणि माणसाचं नाव नेहमी वाईट, असा जो सरळ हिशेब हल्ली मांडतात तो मला म्हणूनच पटत नाही.

नाव कुणाचं लागणार हे पुष्कळदा देशावर ठरतं. थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करते, डोळे बाहेर येतात, त्या आजाराला आपण ग्रेव्ह्ज म्हणतो, कारण आपलं वैद्यकशिक्षण इंग्रजांकडून आलं आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी तो १८३५ साली डब्लिनमध्ये सांगितला. जर्मनीत तोच आजार बासेडोचा, त्यांचं लिखाण १८४० चं. दोघांच्याही आधी इंग्लंडमधल्या बाथ गावच्या कॅलेब पॅरींनी तो पाहिला होता, पण त्यांचं टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापून आलं. पॅरींचं नाव आज परीक्षेपुरतंसुद्धा कुणी विचारत नाही.

थायरॉइडचीच दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. आज आपल्याकडे कितीतरी बायकांच्या रिपोर्टवर ‘हाशिमोटो’ असतं. हाकारू हाशिमोटो हा जपानच्या फुकुओकामधला तरुण सर्जन. ऑपरेशन करून काढलेल्या थायरॉइडच्या गाठी त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चार रुग्ण, चारही बायका. त्या गाठींत पांढऱ्या पेशींची दाटी झालेली होती. १९१२ साली त्याने हे एका जर्मन नियतकालिकात छापलं, कारण तेव्हा जगाने वाचावं असं वाटलं तर जर्मनमध्ये लिहावं लागे. युरोपातल्या जाणत्यांचं मत पडलं की हा वेगळा आजार नाहीच, आधीच माहीत असलेल्या एका आजाराची ही सुरुवातीची पायरी आहे. वडील वारल्यावर हाशिमोटो आपल्या गावी परतला आणि तिथे गावचा डॉक्टर म्हणून राहिला. १९३४ साली विषमज्वराने गेला. शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं हे लंडनमध्ये १९५६ साली सिद्ध झालं, आणि मग त्याचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. गावात ताप-खोकला बघत बसलेल्या त्या माणसाला यातलं बहुतेक काहीच कळलं नाही. तुमच्या रिपोर्टवर हे नाव असलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की ग्रंथी हळूहळू मंदावू शकते, टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी वेळच्या वेळी करायची, आणि गरज पडली तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची.

अवयवांकडे वळू. शरीररचनेत नावांचा गोंधळ आजारांपेक्षा कितीतरी मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पाच हजार रचनांना मिळून पन्नास हजारांच्या आसपास नावं वापरात होती. प्रत्येक देश आपल्या माणसाचं घोडं पुढे दामटायचा. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जर्मन शरीररचनातज्ज्ञांनी एकच लॅटिन यादी ठरवली आणि माणसांची नावं बाजूला सारली. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीतही अधिकृत नावांत माणसं नाहीत. म्हणून मांडीतून धमनी खाली उतरते त्या वाटेला हल्लीच्या पाठ्यपुस्तकात ‘ॲडक्टर कॅनाल’ हे नाव ठळक असतं आणि ‘हंटर्स कॅनाल’ कंसात. तोंडी परीक्षेत मात्र अजून हंटरच विचारतात. माझाही तो मोह सुटला नव्हता. गुडघ्यामागच्या धमनीच्या फुगवट्यासाठी जॉन हंटरने १७८५ साली मांडीतूनच धमनी बांधली आणि पाय वाचवला. ही हकिगत एकदा सांगितली की मुलं ती जागा विसरत नाहीत, आणि लॅटिन नाव पुढच्या आठवड्यात विसरतात.

‘पाउच ऑफ डग्लस’मधले जेम्स डग्लस हे मूळचे स्कॉटलंडचे, लंडनला स्थायिक झालेले शरीररचनातज्ज्ञ. पोटाच्या आतल्या पडद्याचं त्यांचं वर्णन १७३० चं. गर्भाशयाच्या मागे आणि गुदाशयाच्या पुढे जी खोलगट जागा असते ती ही. सोनोग्राफीवाले नुसतं ‘पीओडी’ लिहितात, म्हणजे डग्लससाहेब आता ‘डी’पुरते उरलेत. बायकांच्या पोटातली ही सगळ्यात खालची जागा, त्यामुळे कुठेही थोडा द्रव सुटला की इथे साठतो. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात बीज सुटतं तेव्हाही इथे थोडं पाणी दिसतं, आणि ते बिनधास्त सोडून द्यायचं असतं. पण पाळी चुकली आहे, पोटात एकाएकी कळ आलीय, भोवळ येतेय आणि पीओडीत द्रव आहे, असं असेल तर तो गर्भ नळीत राहून फुटल्याचा रक्तस्राव असू शकतो. तेव्हा रिपोर्ट घेऊन घरी जायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

स्त्रीशरीरात किती पुरुषांनी नावं कोरून ठेवलीत पाहा. गर्भनळ्या पादुआच्या फालोप्पिओच्या. बीजकोशातला फुगा डच डॉक्टर द ग्राफचा. योनीजवळच्या ग्रंथी डेन्मार्कच्या बार्थोलिनच्या, आणि मूत्रमार्गाजवळच्या अलेक्झांडर स्कीनच्या. त्या काळी विच्छेदनाच्या टेबलाभोवती बायकांना उभं राहायलाच मिळत नव्हतं, तर दुसरं काय होणार? याला जो एक मोठा अपवाद, तो ओळखूच येत नाही. बाळ जन्मल्यावर कार्डावर ‘अपगार ८/१०’ असं लिहितात. पुष्कळ नर्सेस, आणि डॉक्टरसुद्धा, ते आद्याक्षरांचं जोडकाम समजतात. प्रत्यक्षात व्हर्जिनिया अपगार या न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ. बाळाचा रंग, नाडी, चेहऱ्याची प्रतिक्रिया, हालचाल आणि श्वास, या पाच गोष्टींना गुण देण्याची त्यांची पद्धत १९५३ साली छापून आली. त्यांच्या नावाच्या अक्षरांत इंग्रजी शब्द बसवण्याची युक्ती नंतर दुसऱ्यांनी काढली.

आपल्या माणसांची नावं कुठे आहेत, असं विद्यार्थी दरवर्षी विचारायचे. आहेत. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागाचे प्राध्यापक. चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येताच, पुनःपुन्हा गर्भ पडणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. गर्भपिशवीचं तोंड सैल पडतं आणि वजन वाढलं की उघडतं, हे त्यांनी ओळखलं. मग बाईच्या मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी तिनेच पिशवीचं तोंड आवळलं. मूत्राशय वर सारून, तोंडाच्या शक्य तितक्या वरच्या भागाशी. हे लिखाण १९५५ चं. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्डने सोपा टाका काढला, फार चिरफाड न करता घालता येणारा, आणि आज रोजच्या कामात तोच जास्त घातला जातो. पण वरच्या अंगाने टाका घ्यायची वेळ आली की अमेरिकेतला डॉक्टरही ‘शिरोडकर’ म्हणतो. आपल्याकडे बायका नुसतं ‘पिशवीला टाका घातला’ म्हणतात. अंग बाहेर येण्यावरचं पुरंदरे ऑपरेशन आणि हाडं बाहेरून सळ्यांनी धरून ठेवणारी मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींची ‘जेस’ पद्धत, ही दोन नावं आपल्या ऑपरेशन थिएटरात अजून ऐकू येतात.

आणि एक नाव लागायला हवं होतं, ते लागलं नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मं. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र रक्तगट शोधला आणि ‘लॅन्सेट’मध्ये कळवला. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ रक्त दिलं तर ते शरीर झिडकारतं, कारण ‘ओ’वाल्यांत असणारा एच नावाचा घटकच या लोकांत नसतो. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त चालतं. जगाने याला भेंडे गट म्हटलं नाही, बॉम्बे गट म्हटलं. शहराचं नाव बदलून मुंबई झालं तरी रक्तपेढीच्या फलकावर बॉम्बेच आहे.

आता काढून टाकलेल्या नावांबद्दल. यात दोन वेगळी कारणं आहेत आणि ती लोक एकत्र करतात. पहिलं कारण, त्या माणसाने केलेली कृत्यं. जुलाब किंवा लघवीच्या संसर्गानंतर सांधे सुजतात, डोळे लाल होतात, त्याला ‘रायटर्स सिंड्रोम’ म्हणायचे. हान्स रायटर हा नाझी राजवटीतला बडा आरोग्य अधिकारी, बुखेनवाल्ड छावणीतल्या कैद्यांवरच्या लशीच्या प्रयोगांत त्याचा हात होता. १९४२ साली अमेरिकेत त्याचं नाव या आजाराला देणाऱ्या दोघांपैकी एकाने २००७ मध्ये इतरांबरोबर सही करून ते मागे घेतलं. आता आपण ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ लिहितो. रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या एका आजारावरचं वेगेनरचं नावही २०११ मध्ये संधिवात आणि किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी उतरवलं. नवं नाव इतकं लांबलचक आहे की सगळे ‘जीपीए’ म्हणून मोकळे होतात. तरी ते बदल योग्यच होते.

दुसरं कारण निव्वळ वैद्यकीय. ‘ॲस्पर्गर’ हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तिकेतून २०१३ साली गेलं, ते ऑटिझमपासून त्याची सीमा नीट आखता येईना म्हणून. व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर या डॉक्टरने अपंग मुलांना मारणाऱ्या संस्थेकडे मुलं पाठवली होती, हे कागदोपत्री पुरावे देऊन मांडलं गेलं ते २०१८ मध्ये. म्हणजे लोक समजतात त्याच्या हा क्रम उलटा आहे.

आणि कधीकधी माणसाचं नाव देण्यानेच अपमान टळतो. इंग्लंडच्या लँग्डन डाउन यांनी १८६६ साली गुणसूत्र-दोषाच्या मुलांचं वर्णन केलं, पण त्या मुलांना एका वंशाचं नाव देऊन. शंभर वर्षं तेच चाललं. १९५९ मध्ये लेजेन यांनी एकविसावं गुणसूत्र जादा असल्याचं दाखवलं, १९६५ मध्ये मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली, आणि मग त्याच डॉक्टरचं नाव लावून ‘डाउन सिंड्रोम’ झालं आणि ते जुनं नाव बाजूला पडलं.

हे सगळं आपल्या वॉर्डात जसं चालतं तसं पुस्तकात सापडत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या राउंडवर उभे राहा. ‘जुना कॉक्स आहे’, ‘पोटाचा कॉक्स’, ‘मणक्याला पॉट्स’ असं ऐकू येईल. ‘टीबी’ हा शब्द क्वचित. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, ‘कॉक्स’ हे त्यांचंच नाव. टीबीच्या गोळ्यांनासुद्धा आपण ‘एकेटी’ (अँटी-कॉख ट्रीटमेंट) म्हणतो, त्यातला ‘के’ हाच. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कळू नये, म्हणून हे. टीबी म्हटलं की घरात ताट-वाटी वेगळी होते, ठरलेलं लग्न मोडतं. मीही वर्षानुवर्षं फाइलीवर ‘कॉक्स’ लिहिलं आहे आणि त्याचा उपयोग झालेला पाहिला आहे. पण तोटाही पाहिला आहे. पोटाच्या कॉक्सची एक बाई दोन महिन्यांत बरी वाटली म्हणून गोळ्या सोडून बसली. ताप गेला होता, वजन वाढलं होतं. दुसरीकडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव इतकं जपून ठेवलं होतं की हा टीबी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माहेर-सासरपासून लपवणं वेगळं आणि खुद्द पेशंटपासून लपवणं वेगळं.

‘हॅन्सन’ची कथा याहून गुंतागुंतीची. कुष्ठरोगासाठी आपल्याकडे ‘महारोग’ हा शब्द इतका रुळलेला होता की वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये काढलेल्या संस्थेच्या नावातही तो आहे. त्या शब्दाबरोबर वाळीत टाकणं यायचं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणारी तरतूद तर आपल्या कायद्यांतून २०१९ मध्ये गेली. म्हणून सभ्यपणे ‘हॅन्सन्स डिसीज’ लिहायची पद्धत पडली. ब्राझीलने तर सरकारी कागदांत जुना शब्दच बंद केला. नॉर्वेच्या बेर्गेनमध्ये आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू पाहिला, रोग आनुवंशिक नाही हे ठासून सांगितलं, हे खरं. पण तो संसर्गाने होतो हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८७९ मध्ये एका रुग्ण बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिला न विचारता. खटला झाला आणि १८८० साली त्यांची रुग्णालयातली जागा गेली. रुग्णाचा मान राखण्यासाठी आपण ज्याचं नाव वापरतो, त्याने स्वतः रुग्णाला विचारलं नव्हतं. तरीही मी ते नाव वापरतो, कारण आजच्या पेशंटला त्याचा आडोसा मिळतो, आणि त्या आडोशाने तो गोळ्या घ्यायला येतो. सहा किंवा बारा महिने फुकट मिळणाऱ्या गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि लवकर सुरू केल्या की बोटं वाचतात.

म्हणून माझी रीत अशी आहे. फाइलीच्या बाहेरच्या बाजूला नाव माणसाचं, आत सरळ मराठीत काय झालंय आणि कुठे झालंय ते. तुमच्या घरात कुणाच्या कागदावर ‘कॉक्स’, ‘पॉट्स’ किंवा ‘एकेटी’ दिसलं तर डॉक्टरांना दार लावून विचारा: हा टीबी आहे का, गोळ्या किती महिने, आणि निक्षय या सरकारी टीबी नोंदणीत नोंद झाली का. २०१२ पासून प्रत्येक टीबी पेशंटची नोंद करणं खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. ती झाली की सरकारी गोळ्या मोफत मिळतात आणि खुराकासाठी पैसे पेशंटच्या बँक खात्यात येतात. बँक पासबुकाची प्रत पहिल्याच भेटीत सोबत न्या.